भित्रे कीं घायाळ?

जेथें शौर्य वसतें तेथें भीतीला थारा नसतो, अशी समजूत जगांतील बहुतेक समाजांत फार पूर्वींपासून चालत आली आहे. रणांगणावर ज्याचे पाय लटपटले तो भ्याड, एवढाच निवाडा या समजुतीला ठाऊक होता. १९१४ सालीं युरोपांत पेटलेल्या महायुद्धानें या निवाड्याची कसोटी पाहिली, आणि ती तत्त्वज्ञांच्या अभ्यासिकेंत नव्हे, तर इस्पितळांतील खाटांवर.

फ्रान्स व फ्लँडर्समधील खंदकांतून पहिल्या हिवाळ्यांतच कांहीं विलक्षण रोगी येऊं लागले. अंगावर जखम नाहीं, हाड मोडलेलें नाहीं. पण कोणाची वाचा गेलेली, कोणाची दृष्टि मंदावलेली, कोणाचे हातपाय सारखे कांपत असलेले. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनीं अशा तीन शिपायांची हकीकत १९१५ च्या फेब्रुवारींत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध केली आणि तींत 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द वापरला. जवळच गोळा फुटल्यानें मज्जासंस्थेला डोळ्यांस न दिसणारी इजा होत असावी, असा पुष्कळांचा तर्क होता.

हा तर्क फार काळ टिकला नाहीं. ज्यांच्या आसपास एकही गोळा फुटला नव्हता अशा माणसांतही तींच लक्षणें दिसूं लागलीं. खुद्द मायर्स यांनाच तो शब्द दिशाभूल करणारा वाटूं लागला. लष्करी कारभाऱ्यांपुढें मात्र निराळाच पेंच होता. शत्रूच्या माऱ्यानें जो कोसळला त्याची गणना जखमींत व्हावी, आणि जो नुसता मनानें खचला त्याची साध्या आजाऱ्यांत, असे दोन वर्ग त्यांनीं पाडले. १९१७ च्या मध्यास तर आघाडीवरील कागदपत्रांत 'शेल शॉक' हा शब्द लिहिण्यासच मनाई झाली. शब्द गेला, पण रोगी येतच राहिले. त्याच युद्धांत पळून जाणें, भ्याडपणा दाखविणें अशा आरोपांवरून ब्रिटिश साम्राज्याच्या ३०० हून अधिक शिपायांना त्यांच्याच सैन्यानें गोळ्या घातल्या. त्यांतले कांहीं जण आधीं याच विकारासाठीं इस्पितळांत राहून आलेले होते.

उपचारांच्याही दोन वाटा होत्या. लंडनमध्यें क्वीन स्क्वेअर येथील इस्पितळांत लुइस यीलंड हे विजेचे झटके आणि करडा हुकूम यांच्या जोरावर मुक्यांना बोलतें करीत. दुसरी वाट एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथें दिसली. तेथें अधिकारीवर्गांतील रोगी असत. तेथील डॉ. विल्यम रिव्हर्स यांचा हिंदुस्थानशीं जुना संबंध होता. निलगिरींतील तोडा लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ सालीं निघाला होता. परक्या माणसांचें जीवन त्यांच्याच तोंडून ऐकून समजावून घेणें हें त्यांचें पूर्वींचें काम, आणि क्रेगलॉकहार्टमध्यें त्यांनीं तेंच केलें.

'झालें गेलें विसरून जा, चांगल्या गोष्टींचा विचार करा,' हाच उपदेश त्यांच्या रोग्यांना तोंवर मिळालेला असे. दिवसभर ते तो पाळीत, आणि दडपलेली आठवण रात्रीं स्वप्नांत सूड उगवी. १९१७ च्या डिसेंबरांत दिलेल्या एका व्याख्यानांत रिव्हर्स यांनीं एका अधिकाऱ्याची हकीकत सांगितली. मित्राचा शोध घेण्यास गेलेल्या या तरुणाला त्याचें छिन्नभिन्न शरीरच हातीं लागलें होतें, आणि तें दृश्य रोज रात्रीं त्याच्यापुढें उभें राही. देहाची ती स्थितीच मित्राला क्षणांत मरण आल्याची साक्ष देते, त्याला यातना भोगाव्या लागल्या नाहींत, हें रिव्हर्स यांनीं दाखवून दिलें. तरुणानें आठवण टाळण्याचें सोडलें. पुढें स्वप्न पडलें तें निराळें; त्यांत तो मित्राजवळ गुडघे टेकून त्याच्या घरीं पाठविण्याच्या वस्तु गोळा करीत होता, आणि भीतीच्या जागीं शोक होता. सर्वांनाच हा उपाय लागू पडला नाहीं, हेंही रिव्हर्स यांनीं तेथेंच स्पष्ट केलें.

त्यांचें आणखी एक निरीक्षण महत्त्वाचें आहे. विमान चालविणारा वैमानिक मोठें संकट अंगावर घेई, तरी त्याच्यांत हा विकार थोडा. उलट दोराला बांधलेल्या बलूनमध्यें बसून टेहळणी करणारांत तो पुष्कळ. एकाच्या हातांत सुकाणू, दुसऱ्याला निव्वळ वाट पाहणें. खंदकांतील शिपायाची गतही दुसऱ्यासारखीच होती. संकटांत कांहीं करतां येणें हाच मनाचा मोठा आधार असतो, आणि तो नसेल तर धैर्यवानही खचतो.

पण बरें झालेल्या माणसाचें पुढें काय? युद्ध लांबविण्याविरुद्ध उघड निवेदन काढणारे कवि सीगफ्रीड ससून १९१७ सालीं रिव्हर्स यांच्याकडे आले, आणि अखेर स्वतःच्या निश्चयानें आघाडीवर परतले. त्याच इस्पितळांत दुसऱ्या वैद्याकडे असलेले कवि विल्फ्रेड ओवेनही परतले, व ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, युद्ध थांबण्याच्या एक आठवडा आधीं, मारले गेले. ज्या मृत्यूच्या भयानें रोगी आजारी पडला, त्याच मृत्यूसमोर त्याला पुन्हा उभें करणें हें वैद्याचें लष्करी कर्तव्य होतें. रिव्हर्स यांना हें ओझें जन्मभर जाणवलें. १९२२ सालीं ते वारले.

भ्याडपणा आणि पळून जाणें यांसाठीं असलेली देहांताची शिक्षा ब्रिटिश पार्लमेंटानें १९३० सालीं रद्द केली. व्हिएटनामच्या युद्धानंतर, १९८० सालीं, अमेरिकन मनोवैद्यांनीं अशा विकाराला आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. गोळ्या घातलेल्या त्या शिपायांना क्षमा मिळाली ती २००६ सालीं. तोंवर त्यांचीं आईबापें केव्हांच काळाआड गेलीं होतीं. घरांतला मुलगा लढाईंत भ्याला एवढेंच त्यांना सांगण्यांत आलें होतें. तो घायाळ झाला होता, हें कोणीं सांगितलें नव्हतें.