मिनेस्त्रोने : एका हंड्याची हकीकत

ही १८५५ सालची गोष्ट. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्होर्नो नावाचे बंदर आहे. तिथल्या एका खाणावळीत पेलेग्रिनो आर्तुसी नावाचे गृहस्थ शनिवारी जेवायला बसले. सूप कोणते आहे म्हणून विचारले, तर उत्तर आले, 'मिनेस्त्रोने'. गृहस्थ पोटभर जेवले. रात्री पोटात असा मुरडा उठला की डोळ्याला डोळा लागेना. रात्रभर त्यांनी त्या सूपाच्या नावाने बोटे मोडली आणि सकाळी गाडी पकडून फ्लॉरेन्स गाठले. सोमवारी बातमी आली की लिव्होर्नोत कॉलऱ्याची साथ सुरू झाली असून, ज्यांच्या घरी आर्तुसी उतरले होते तो घरमालकच पहिला बळी ठरला. सूप बिचारे निर्दोष! पुढे आर्तुसींनी पाककृतींचे पुस्तक लिहिले, ते १८९१ साली स्वखर्चाने छापले. इटलीच्या घराघरांत गेलेल्या त्या ग्रंथात त्यांनी हा किस्सा सांगितला, आणि मिनेस्त्रोनेची कृतीही दिली.

हे मिनेस्त्रोने म्हणजे तरी काय? लॅटिन भाषेत 'वाढणे' या अर्थाचा एक धातू आहे. त्यावरून 'मिनेस्त्रा', म्हणजे ताटात वाढलेले सूप. आपण हंडीचा हंडा करतो, पळीचा पळा करतो, तसा इटालियन माणूस शेवटी 'ओने' लावून वस्तू मोठी करतो. तेव्हा मिनेस्त्रोने म्हणजे भरभक्कम, दाट सूप. पितात कमी, खातात जास्त.

करायला अवघड काही नाही. घेवड्याचे वाळलेले दाणे आदल्या रात्री भिजत घालायचे. सकाळी ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळून मऊ शिजवायचे. दुसऱ्या पातेल्यात ऑलिव्हच्या तेलावर कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून परतायची. सेलरी ही कोथिंबिरीच्या कुळातली जाड देठांची भाजी. परतण्यात घाई नको, सगळी चव इथेच मुरते. मग बटाटा, कोवळा भोपळा, टोमॅटो, कोबी, आणि दाणे त्यांच्या शिजल्या पाण्यासकट. तास-दीड तास मंद आचेवर ठेवायचे. शेवटी मूठभर तांदूळ किंवा शेवयांचे बारीक तुकडे घालायचे आणि वरून किसलेले चीज. मिलानकडे तांदूळ, तर जेनोवाकडे तुळशीच्या कुळातल्या बेसिलची लसूण घालून वाटलेली चटणी. तस्कनीत उरलेल्या सूपात शिळा पाव घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. त्याला 'रिबोलिता' म्हणजे 'पुन्हा उकळलेले' असेच नाव आहे. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणाऱ्या घराला हे नव्याने सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, हा रोमन काळापासून चालत आलेला पदार्थ असणार. हंडा जुना खराच. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात केटोने शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात कोबीची स्तुती करताना त्याची लेखणी थांबत नाही. जव आणि कडधान्ये एकत्र शिजवण्याची कृतीही रोमन पाकग्रंथात सापडते. पण त्या हंड्यात टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता, आणि घेवडाही नव्हता. होते ते हरभरे, मसूर, वालासारखा मोठा फावा, आणि आफ्रिकेतून आलेली चवळी. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला, त्यानंतर हे बाकीचे पाहुणे आले. इटलीत टोमॅटोचा छापील उल्लेख १५४४ सालचा. तो स्वयंपाकघरात रुळायला आणखी शेदीडशे वर्षे गेली. गंमत अशी की हेच पाहुणे पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडेही आले. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज. आणि आपण श्रावणाचे नाव दिलेला श्रावण घेवडा? तोही मूळचा अमेरिकेचाच.

त्याच अमेरिकेतून मकाही आला, आणि इथून गोष्ट कडू होते. उत्तर इटलीत मका भरघोस पिके. गरीब शेतमजुराच्या ताटात मक्याच्या पिठाचा घाटा येऊ लागला, त्याला पोलेंता म्हणतात. सकाळी पोलेंता, संध्याकाळी पोलेंता. पोट भरे, पण उन्हात अंगाची कातडी काळवंडून सोलपटे, हगवण लागे, आणि पुढे वेड लागून माणूस जाई. मिलानच्या फ्रापोली या वैद्याने १७७१ साली या रोगाला शेतकऱ्यांच्याच तोंडचे नाव दिले, 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी. कित्येकांना वाटे की दोष बुरशी आलेल्या मक्याचा. १९०२ साली इटलीत कायदा झाला. सडका मका विकायला बंदी आली आणि रोग्यांना अन्न पुरवण्याची तरतूद झाली. अन्नाने गुण येई, पण का येतो ते कळत नव्हते. १९३७ साली अमेरिकेत एल्व्हेजेम यांनी त्यामागचे जीवनसत्त्व ओळखले, नायसिन. मक्यात ते असते, पण जखडलेले. मेक्सिकोच्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळे होते. युरोपने मक्याचे दाणे नेले, ही रीत मात्र तिथेच राहिली.

ज्यांच्या घरी पोलेंताबरोबर घेवड्याचे दाट सूप, थोडे दूध, चीज, कधी मांस येत असे, त्यांना पेलाग्राची भीती फारशी नव्हती. पण दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला परसबाग कुठली आणि गाय कुठली?

हा रोग आपल्या दख्खनमध्येही दिसला, आणि इथे मक्याऐवजी ज्वारी होती. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडले की ज्वारीत ल्युसिन हा घटक जास्त असतो, त्याचा या रोगाशी संबंध असावा. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. रोगी कोण होते याबद्दल मात्र वाद नव्हता. ती सगळी गरीब माणसे होती, आणि त्यांच्या ताटात भाकरीखेरीज फारसे काही पडत नव्हते.