त्र्यंबकचा हिरा आणि 1868 ची कादंबरी

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ 1868 च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात क्रमशः छापून आली. इंग्रजी गुप्तहेर कादंबरीचं कूळ शोधायला निघालं की बहुतेक सगळे हिच्याच दारात येऊन थांबतात. यॉर्कशरमधलं एक सुखवस्तू घर, तिथल्या मुलीला वाढदिवशी मामाच्या मृत्युपत्रातून मिळालेला पिवळा हिरा, त्याच रात्री तो नाहीसा होणं आणि तपासाला लंडनहून आलेला, गुलाबांवर जीव टाकणारा सार्जंट कफ. हा कफ जॉनथन विचर नावाच्या खऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर बेतलेला आहे. लंडन पोलिसांनी 1842 साली गुप्तहेरांचं पहिलं पथक उभं केलं, त्यातला तो. 1860 मध्ये रोड गावच्या एका घरातल्या लहान मुलाच्या खुनाचा तपास त्याच्याकडे आला आणि एका हरवलेल्या रात्रपोशाखाभोवती फिरत राहिला. कॉलिन्सने तो पोशाखही आपल्या कथेत घेतला.

यॉर्कशरच्या घरातून हिरा कोणी नेला, हे मी इथे सांगणार नाही. ज्यांनी अजून वाचलेलं नाही, त्यांचा आनंद का हिरावून घ्यावा? मला सांगायचं आहे ते हिऱ्याबद्दल. आजच्या मराठी वाचकाला ही कादंबरी पहिल्याच प्रकरणात आपल्या इतिहासात आणून उभी करते. 4 मे 1799, श्रीरंगपट्टण पडलं तो दिवस. त्या मुलीचा तोच मामा, जॉन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी, टिपूच्या शस्त्रागारात एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात रक्ताने माखलेला खंजीर घेऊन उभा आहे. खंजिराच्या मुठीत तो हिरा आहे आणि पायाशी मरणारा हिंदी माणूस त्याला शाप देतो आहे. हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या कपाळावरचा. गझनीच्या महमुदापासून वाचवून काशीला नेलेला, पुढे औरंगजेबाच्या काळात एका सरदाराने पळवलेला. त्याच्यावर पिढ्यान् पिढ्या पहारा देणारे तीन ब्राह्मण वेष पालटून इंग्लंडपर्यंत त्याच्या मागावर जातात.

हा हिरा सुचला कुठून, ते कॉलिन्सने प्रस्तावनेतच सांगितलं आहे. एक रशियाच्या राजदंडातला हिरा आणि दुसरा कोहिनूर, या दोघांच्या कथांवरून. मी हे छत्तीसगडातल्या नंदिनी नगरात बसून लिहिते आहे. इथल्या खाणींतली चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या झोतभट्ट्यांत जाते, आणि तो कारखाना 1955 च्या करारानंतर रशियन अभियंत्यांच्या मदतीने उभा राहिला. त्यामुळे रशियाचं नाव इथे घराघरांत ओळखीचं. पण हिंदुस्थानातल्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा एक हिरा तिथल्या राजदंडात आहे, हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना नवीन होतं. कोहिनूर मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. 1849 च्या लाहोर तहाने तो गेला, 1850 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हाती पडला. 1852 मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले तेव्हा सुमारे 186 कॅरटांचा हिरा 105 वर आला. त्या कामाचा पहिला पैलू पाडण्याचा मान वेलिंग्टनच्या ड्यूकला दिला होता. हा तोच आर्थर वेलस्ली, जो टिपू पडला तेव्हा श्रीरंगपट्टणला होता आणि 1803 मध्ये असईला मराठ्यांशी लढला.

कॉलिन्सने ज्याचं नाव घेतलं नाही असा तिसरा हिरा तो लिहीत होता तेव्हा लंडनच्याच एका उमराव घराण्याकडे होता, आणि त्याची कुळकथा ‘मूनस्टोन’शी सर्वांत जास्त जुळते. इंग्रज त्याला ‘नसाक’ म्हणत. तो आपला नाशिकचा हिरा, त्र्यंबकेश्वराचा.

या कादंबरीत एक पद्धत पाळलेली आहे: ज्याने जे स्वतः पाहिलं तेवढंच त्याने सांगायचं. म्हातारा कारभारी बेटरेज आपल्यापुरतं लिहितो, वकील आपल्यापुरतं, डॉक्टरचा मदतनीस आपल्यापुरतं. ऐकीव गोष्टीला जागा नाही. त्याच पद्धतीने नाशिकच्या हिऱ्याची साक्ष घेतली तर काय हाती लागतं?

पहिली साक्ष परंपरेची. हिरा गोवळकोंड्याकडच्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराला वाहिलेला, शिवाचा डोळा म्हणून पूजलेला. त्र्यंबकला देवाचा रत्नजडित मुकुट सोमवारी दर्शनाला ठेवतात, तो पाहिलेल्या माणसाला ही परंपरा खोटी वाटणं अवघड आहे. आजचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, आणि पेशव्यांच्या घराण्याचा त्या स्थानाशी किती जवळचा संबंध होता हे तिथल्या प्रत्येक दगडावरून कळतं. दुसरी साक्ष कंपनी सरकारच्या कागदांची. तिसरं इंग्रज-मराठा युद्ध, 1818 साली दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव, आणि हिरा ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे. इथून पुढे साक्षीदारांना तोटा नाही. लंडनचे रंडेल आणि ब्रिज हे राजघराण्याचे जवाहिरे. त्यांनी सुमारे 90 कॅरटांच्या त्या हिऱ्याला नवे पैलू पाडून तो 80 च्या आत आणला. 1837 मध्ये लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने 7,200 पौंडांना तो घेतला आणि आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला.

कादंबरीत खंजिराची मूठ, प्रत्यक्षात तलवारीची. देवाच्या अंगावरचं रत्न आधी शस्त्राच्या मुठीत जातं आणि मग तिजोरीत, हा क्रम कॉलिन्सने कल्पनेने गाठला असेल तर त्याच्या कल्पनेला दाद द्यायला हवी.

दोन्ही कथांत एक मोठा फरक मात्र आहे. हर्नकॅसल गुन्हेगार ठरतो, कारण त्याने हिरा परस्पर खिशात घातला. त्या प्रसंगात इंग्रज फौजेचा जनरल बेअर्ड लुटारूंना फाशी देण्याची ताकीद देतो, आणि ती ताकीद खरी वाटते. पण त्याच श्रीरंगपट्टणात सैन्याने नेमलेले ‘प्राइझ एजंट’ टिपूच्या खजिन्याची रीतसर मोजदाद करत होते आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पाडत होते. हाच हिरा त्यांच्या यादीत चढला असता तर हर्नकॅसलच्या माथी कसलाच डाग लागला नसता. नाशिकचा हिरा या रीतसर वाटेने गेला. दख्खनच्या लुटीच्या वाट्यांवरून इंग्लंडात पुढे कित्येक वर्षं भांडणं चालली, पण ती कोणाला किती मिळावं यावरची होती. वस्तू मुळात कोणाची, हा प्रश्न त्या कज्ज्यांत नव्हता. म्हणून मला कॉलिन्सचं मोल वाटतं. सत्तावन्नच्या उठावाला दहा-अकरा वर्षं झाली होती, लंडनच्या वर्तमानपत्रांत हिंदी माणूस म्हणजे क्रूर, ही प्रतिमा पक्की होती, आणि अशा वाचकापुढे त्याने पहिला चोर म्हणून इंग्रज अधिकारी उभा केला.

तरी त्याच्या पद्धतीत एक जागा रिकामी राहिली. अकरा-बारा जण आपापली हकिगत सांगतात. त्या तीन ब्राह्मणांना मात्र एकही पान मिळत नाही. शेवटी मर्थवेट नावाचा प्रवासी काठेवाडात त्यांना पाहतो. ते हिरा देवाच्या कपाळी परत बसवतात आणि समुद्र ओलांडल्याचं, जात मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून एकमेकांपासून कायमचे दुरावून तीन दिशांना निघून जातात. हेही आपल्याला एका इंग्रजाच्याच पत्रातून कळतं. नाशिकच्या हिऱ्याच्या साक्षीपुराव्यातही नेमकी हीच जागा रिकामी आहे. तो देवळातून कधी निघाला, कोणी काढून दिला, पुजाऱ्यांनी विरोध केला की स्वतःच सुरक्षित जागी हलवला, हे सांगणारा आवाज मधे नाही.

नंतरची हकिगत थोडक्यात. 1927 मध्ये हिरा अमेरिकेत पोचला. पुरातन कलावस्तू म्हणून तो जकातीशिवाय सोडायचा की सुटा दागिन्याचा खडा म्हणून जकात घ्यायची, यावर तिथे खटला झाला. 1940 मध्ये हॅरी विन्स्टनने तो पॅरिसमध्ये विकत घेतला आणि पुन्हा कापला. आज तो 43.38 कॅरटांचा आहे, म्हणजे नऊ ग्रॅमही नाही. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका वाहतूक कंपनीच्या मालकाने पाच लाख डॉलरला तो घेतला, आणि 1977 मध्ये तो लेबनॉनच्या रॉबर्ट मुआवाद यांच्याकडे गेला. ‘मूनस्टोन’मध्ये सगळ्यांत मोठी भीती असते ती हिरा ॲम्स्टरडॅमला नेऊन तुकडे केले जाण्याची, तुकडे झाले की त्याची ओळख संपली. नाशिकचा हिरा तसा फुटला नाही, पण त्र्यंबकला जो होता त्याचा निम्म्याहून अधिक भाग कारागिरांच्या चाकावर धूळ होऊन गेला. मुआवाद यांनी उद्या तो परत दिला, तरी शिवाचा तो डोळा आता कुठे आहे?

आमच्या या मुलखालाही असा एक हिशेब आहे. दुर्ग आणि आजूबाजूचा सगळा छत्तीसगड 1741 पासून नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात येत गेला. तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरात वारले, वारस नाही म्हणून 1854 मध्ये राज्य खालसा झालं आणि भोसल्यांच्या खजिन्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून हॅमिल्टन कंपनीमार्फत विकलं गेलं. भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी विरोध केला, अर्ज केले, तो विरोध लिखित राहिला. ‘मूनस्टोन’ छापून येण्याआधी चौदा वर्षं. त्या जवाहिराचे खडे कोणाच्या अंगठीत, कोणाच्या मुकुटात गेले ते कळायला मार्ग नाही. 2025 साली महाराष्ट्र सरकारने पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून 47.15 लाख रुपयांना विकत घेऊन मुंबईत आणली, ती अख्खी होती म्हणूनच ओळखता आली.

नाशिकच्या हिऱ्यासाठीही त्र्यंबकहून अधूनमधून मागणी होते आणि ती योग्यच आहे. पण मागणीच्या आधी साक्ष पुरी करायला हवी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. देवस्थानांची इनामं, दागिन्यांच्या याद्या, पूजेच्या खर्चाचे हिशेब त्यांत आहेत. त्र्यंबकेश्वराच्या जवाहिराची 1818 पूर्वीची एखादी यादी त्यांत सापडली, तर कंपनीच्या कागदांसमोर देवळाचा कागद ठेवता येईल. मोडी वाचणाऱ्या तरुणांनी हे काम हाती घ्यावं.