खापर, यवन आणि तीन युरोची वाईन

माझ्या गावाचं नाव खापरखेडा आहे म्हटलं की हापिसातले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "हे आलं कुठे?" नागपूरहून सावनेरच्या अंगाला, कोराडीच्या जवळ. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, राख, आणि थोडं पुढे गेलं की संत्र्याच्या बागा. "कोणाच्या डोक्यावर फोडलं रे खापर?" हा विनोद मी आजवर किमान पन्नास वेळा ऐकलाय, तेव्हा तो प्रतिक्रियेत लिहिण्याची तसदी घेऊ नये :)

पण आजचा लेख खरोखरच खापरांबद्दल आहे. खापरांबद्दल आणि वाईनबद्दल.

तर झालं असं की कंपनीने मला दोन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवलं. तिथे पोचेपर्यंत वाईन या प्रकाराशी माझा संबंध हिंदी सिनेमापुरता होता. बियर जर्मनीत स्वस्त असते हे ऐकून होतो, पण वाईनचं कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या घराजवळच्या किराणा दुकानात तीन-चार युरोत बरी म्हणावी अशी बाटली मिळायची. कॅंटीनमधल्या जेवणापेक्षा कमी! पहिल्या महिन्यात चुकीच्या बाटल्या आणल्या. मग कळलं की लेबलवर 'ट्रोकन' असेल तर कोरडी आणि 'लीबलिख' असेल तर गोडसर. एवढ्या दोन शब्दांवर माणूस पहिलं वर्ष काढू शकतो.

नंतर एका सहकाऱ्याने 'बेझन' दाखवलं. बेझन म्हणजे झाडू. द्राक्षवाला शेतकरी स्वतःच्या घराबाहेर झाडू टांगतो, त्याचा अर्थ 'आज आमच्याकडे वाईन आहे, या'. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीस खुर्च्या, एवढीच परवानगी. पाव लिटरचा कान असलेला ग्लास, सोबत डुकराचं मांस (मी बटाट्याच्या सॅलडवर भागवायचो), शेजारी सत्तरीचे आजी-आजोबा. तिथली बरीचशी वाईन सहकारी संस्था बनवतात, अगदी आपल्या साखर कारखान्यांसारख्या. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात माय्शॉस गावी 1868 मध्ये अशी संस्था निघाली. आपल्याकडे प्रवरानगरचा कारखाना 1950 चा. आणि मुख्य म्हणजे साध्या वाईनवर जर्मनीत उत्पादन शुल्क शून्य आहे. बियरवर आहे, दारूवर आहे, वाईनवर नाही. तीन युरोचं रहस्य बऱ्यापैकी इथेच आहे.

परतताना एक बाटली घरी घेऊन गेलो. आईने ती पिशवीतून काढली, लेबल पाहिलं आणि विचारलं, "हे काय होय?"

"वाईन आहे. द्राक्षाची."

"वाईन म्हण की काही म्हण, दारूच होय ना थे. घरात नको ठेवू बाप्पा."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर का नव्हतं ते पुढे येईलच. पण त्या रात्री एक विचार डोक्यात बसला. परदेशात राहताना खिशाला परवडेल अशी बरी वाईन शोधणं हा माझा एकट्याचा प्रश्न नव्हता. उलट्या दिशेने आलेल्या, म्हणजे बाहेरून येऊन आपल्या भागात राहिलेल्या माणसांनाही तो पडलाच असणार. त्यांनी काय केलं?

यातला सगळ्यात जुना धागा सापडतो तो 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावरचं, लेखक अज्ञात. ही व्यापाऱ्याची मार्गदर्शिका आहे: कुठलं बंदर, काय विकतं, काय मिळतं. भडोचला काय खपतं त्या यादीत वाईन आहे आणि पसंतीक्रमसुद्धा दिलाय. इटलीची वाईन जास्त चालते, मग सीरियातल्या लाओडिकियाची, मग अरबस्तानची. राजासाठी मात्र वेगळी, उंची वाईन न्यावी असंही लिहिलंय. म्हणजे 'प्रीमियम' आणि 'रेग्युलर' हा भेद तेव्हाही होताच. त्याच पुस्तकात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, यांचीही नोंद आहे. पैठणहून अकीक यायचा, तगरहून कापड, दोन्ही बैलगाड्यांतून. एरवी भडोचला गेलेल्या गाड्या परत येताना रिकाम्या येतील का?

नाही आल्या. नेवाशाला 1954 ते 56 मध्ये ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं तेव्हा तिथे अँफोरांची खापरं निघाली. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मातीचा रांजण. वाईनच्या नेहमीच्या रोमन अँफोरात साधारण पंचवीस लिटर मावायची, रिकाम्याचंच वजन दहा किलोच्या वर, आणि पाझरू नये म्हणून आतून राळेचा लेप. भारतात सापडलेल्या अशा काही खापरांच्या मातीत काळी चमकदार वाळू आहे. ती वेसूवियस ज्वालामुखीच्या परिसरातली.

त्याच परिसरात पॉम्पेई आहे. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलेलं. (राखेचं आम्हा खापरखेडावाल्यांना काय सांगता!) तिथल्या एका दारूगुत्त्याच्या भिंतीवर दरपत्रक सापडलंय: एका 'आस'ला साधी वाईन, दोनला बरी, चारला फालेर्नियन, म्हणजे सगळ्यात नावाजलेली. आस हे तांब्याचं चिल्लर नाणं. म्हणजे आपल्या गावात त्या माणसाला खिशातल्या चिल्लरवर पेला मिळत होता. तीच वाईन आधी इजिप्तला, मग नाईल नदीतून, मग उंटावरून वाळवंट पार करून तांबड्या समुद्रावर, जुलैमध्ये मान्सून पकडून भडोचला, आणि तिथून गाडीने घाटमाथ्यावर. नेवाशाला तिचा भाव काय असेल ते तुम्हीच ठरवा. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि भारतातला माल आमच्याकडे शंभरपट भावाने विकला जातो. उलट दिशेची तक्रार करणारा कोणी सातवाहन लेखक आपल्याला मिळालेला नाही, एवढंच.

स्वस्त पर्यायही होता. ग्रीसच्या कॉस बेटावरच्या वाईनमध्ये समुद्राचं पाणी घालत, त्यामुळे ती प्रवासात टिकायची. ती इतकी लोकप्रिय होती की कातोने आपल्या शेतीच्या पुस्तकात 'कॉसची वाईन इटलीत घरच्या घरी कशी करावी' याची कृतीच दिली आहे. डुप्लिकेट मालाचा इतिहास फार मोठा आहे, मंडळी.

पण पीत कोण होतं? इथले श्रीमंत तर होतेच. शिवाय यवन होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांब नीट बघा. त्यातले कित्येक धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेले आहेत आणि तसं तिथे कोरलेलं आहे. गंमत म्हणजे त्यांची नावं सिहधय, धम्म अशी आहेत. मला ही माणसं फार जवळची वाटतात. परक्या मुलखात घर केलं, नाव बदललं, तिथल्या देवाला वर्गणी दिली, आणि तरी ओळख म्हणून 'यवन' हा शब्द ठेवलाच. श्टुटगार्टच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी पावती फाडली तेव्हा पावतीवर गाव विचारलं होतं. मी खापरखेडाच लिहिलं.

आता एक कलाटणी. भारतात 'रोमन' म्हणून नोंदलेली बरीच खापरं रोबर्टा टोंबर या संशोधिकेने पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली कित्येक रोमन नव्हतीच. ती मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची निघाली. 'टॉर्पेडो' नावाचे लांबुळके रांजण, आतून राळेऐवजी डांबराचा लेप, आणि काळ बराचसा नंतरचा, इराणच्या सासानी राजांचा. लेबल वाचून बाटली घेतली आणि आत भलतंच निघालं, असा हा प्रकार. मला यात दुःख काहीच वाटत नाही, उलट गोष्ट पुढे सरकते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं छत आठवा. टोकदार टोप्या आणि पायमोजे घातलेले परदेशी लोक, हातात पेला, बाजूला सुरई घेतलेले सेवक. हे लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटकांच्या वत्सगुल्म म्हणजे वाशीमच्या शाखेचं. दुसऱ्या शाखेची राजधानी नंदिवर्धन रामटेकजवळ, आमच्या घरापासून दुचाकीवर जाऊन यावं इतकी जवळ. रोमची वाईन आटली तरी इराणच्या आखाताकडून येणारी आटली नव्हती, असं मला हे सगळं एकत्र ठेवून वाटतं.

आणि ती हजार वर्षांनंतरही आटली नव्हती. सुरतेच्या इंग्रज वखारीत 1690 साली आलेला ओविंग्टन नावाचा पाद्री लिहितो की रोजच्या टेबलावर शिराझची वाईन आणि अरकाचं पंच असायचं. युरोपातली वाईन आणि इंग्लिश बियर सुट्टीच्या दिवशी, कारण भयंकर महाग. पगारात भागत नाही म्हणून स्थानिक माल! ताडीच्या किंवा उसाच्या अरकात लिंबू, साखर, गुलाबपाणी घालून प्यायची पद्धत मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने सुरतेतच 1638 मध्ये नोंदवली आहे. फ्रायर नावाचा डॉक्टर 'पंच'चा संबंध आपल्या पाच आकड्याशी, पाच जिन्नसांशी जोडतो. मुंबईत तेव्हा इंग्रजांची म्हणच होती की दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. पंचने ते वाढत नसावं.

(जाता जाता: नाशिकच्या बाटलीवर 'शिराझ' लिहिलेलं असतं त्याचा त्या इराणी शहराशी संबंध नाही. ते द्राक्ष फ्रान्सचं, डीएनए चाचणीने सिद्ध झालंय. खरं शिराझ सुरतेत पिऊन झालं.)

अठराव्या शतकात मदेरा आली. इंग्लंडहून निघालेली जहाजं मदेरा बेटावर थांबून पिंपं भरत. ब्रँडी घातलेली ही वाईन विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने उकडून निघायची आणि बिघडण्याऐवजी सुधारायची! पुढे तर बेटावरच तापवायच्या खोल्या बांधल्या. मला हे वाचून नागपूर आठवलं. मे महिन्यात 45 अंशात, एसी बंद असलेल्या दुकानात उभी ठेवलेली बाटली मी एकदा घेतली आहे. चव मुरंब्याच्या पाण्यासारखी. मदेराचं तंत्र प्रत्येक वाईनला लागू होत नाही हे हजारभर रुपये घालवून शिकलो.

इथवर सगळी वाईन बाहेरून आली. आपल्याकडे तिला गंभीरपणे हात घातला तो श्यामराव चौगुल्यांनी, 1980 च्या दशकात नारायणगावला. फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन फसफसणारी वाईन केली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशी गेली. जुन्नर तालुक्याची वाईन लंडनच्या हॉटेलात! हीच कंपनी 2008 नंतर कर्जाखाली कोसळली, आणि तिला द्राक्षं घालणारे शेतकरी अडकले. दरम्यान राजीव सामंत कॅलिफोर्नियात ओरॅकलची नोकरी सोडून नाशिकला आले, 1997 मध्ये वाईनची द्राक्षं लावली. (आमच्या टीममध्ये दर अप्रेझलनंतर ही गोष्ट सांगितली जाते.) 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. पुढे 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजनाही आली. तरी बाटली तीन युरोला येत नाही. टाक्या थंड ठेवायला वीज लागते, पिणारे थोडे, प्रत्येक राज्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा कर. आणि मुळात आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. पिण्यासाठी परवाना लागतो तो त्याच्याच आधाराने.

27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला तेव्हा मी खूश झालो होतो. विरोध झाला आणि तो मागे पडला. जालावर मी बऱ्याच लोकांशी भांडलो. 'द्राक्षवाल्या शेतकऱ्याचं भलं होईल', 'युरोपात बघा', वगैरे. आई शांतपणे एवढंच म्हणाली, "त्या काकूले विचार."

काकू म्हणजे वसाहतीतल्या आमच्या शेजारीण. काका पावर हाऊसमध्ये बाबांच्याच पाळीला होते. पगाराच्या दिवशी काकू गेटवर उभ्या राहायच्या, मुलाला सोबत घेऊन. तो माझ्या वर्गात होता. काका बेचाळीसाव्या वर्षी गेले. ते वाईन पीत नव्हते, देशी पीत होते, हे मला माहीत आहे. पण देशी त्यांना परवडत होती, हेही माहीत आहे. 'परवडणारी' हा शब्द श्टुटगार्टच्या किराणा दुकानात जितका निरागस वाटतो तितका तो आमच्या बसस्टँडवर वाटत नाही. शेजारचा वर्धा जिल्हा अर्धं शतक कागदोपत्री दारूबंद आहे आणि तिथे कोणाला प्यायला मिळत नाही असं कोणी म्हणत नाही. म्हणजे बंदीनेही काकूंचा प्रश्न सुटत नाही. पण काकूंसमोर उभं राहून शून्य शुल्काचं जर्मन उदाहरण द्यायची माझी हिंमत झालेली नाही.

आपल्याकडे गावातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. काकूंनी आडवीच निवडली असती. वाईनची बाटली मात्र आडवीच ठेवायची असते, बूच ओलं राहावं म्हणून. हा विनोद मी घरी केला नाही.

ती जर्मन बाटली आठ महिने बाबांच्या कपाटात पडून होती, स्वेटरांच्या खाली, आडवी. दिवाळीत एके रात्री आई झोपल्यावर बाबांनीच ती काढली. स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले, चाखले, थोडा वेळ गप्प बसले.

"आंबट आहे बे," ते म्हणाले. "कितीची होय?"

"तीन युरोची."

त्यांनी मनात गुणाकार केला, पेला माझ्याकडे सरकवला आणि बाटली परत स्वेटरांखाली ठेवली.