आधी सफाई की आधी साठवण?

माहिती साठवण्याच्या पद्धतींचा इतिहास ‘नवे आले, जुने मोडीत निघाले’ असा सांगितला जातो. पुरावा तसा नाही. 1970 मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडणारे रिलेशनल मॉडेल मांडले. त्यावरच्या यंत्रणा रोजचे व्यवहार चोख नोंदवत. वर्षभराच्या विक्रीचा कल विचारला, की अडखळत. म्हणून बिल इन्मन यांनी अशा विश्लेषणासाठी स्वतंत्र साठ्याचा, ‘डेटा वेअरहाउस’चा, आग्रह धरला; त्यावरचे त्यांचे पुस्तक 1992 चे. राल्फ किंबॉल यांची मांडणी जास्त व्यवहारी: मधोमध विक्रीचे आकडे, भोवती तारीख, दुकान, वस्तू यांचे तक्ते. दोघांचेही म्हणणे, माहिती आधी साफ करा. साठवण स्वस्त झाल्यावर ही शिस्त जाचू लागली आणि 2010 मध्ये जेम्स डिक्सन यांनी ‘डेटा लेक’ हे नाव दिले: येईल तसे ठेवा, अर्थ नंतर लावू.

मग वेअरहाउस हवे कशाला? कारण कच्च्या नोंदींत एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी येतो. लेकमध्ये ती साफसफाई टळत नाही, फक्त विश्लेषकाच्या गळ्यात पडते. उद्याचे प्रश्न आज ठाऊक नसतात, हा लेकवाल्यांचा मुद्दा मात्र बिनतोड. लेकच्या फायलींवर वेअरहाउसचे नियम बसवणारे ‘लेकहाउस’ त्यातूनच आले. तरीही ज्या धंद्याचे प्रश्न ठरलेले आणि नोंदी तक्त्यात बसणाऱ्या, त्याला साधे वेअरहाउस आजही पुरते.