उरलेला अर्धा गांव

बडोदें शहराजवळ, पूर्वीच्या मोजणीनें पांच-सहा मैलांवर, उंडेरा नांवाचा एक गांव आहे. आतां शहरच वाढत वाढत त्याच्यापर्यंत येऊन पोंचलें आहे. वैद्यकाच्या इतिहासांत या गांवाचा उल्लेख क्वचितच आढळतो, शाळेच्या पुस्तकांत तर तो मुळींच नाहीं. परंतु औषधाचा गुण खरा कीं भासमान, हें ठरविण्याची जी रीत आज सर्व जगानें मान्य केली आहे, तिचा एक अगदीं आरंभींचा व अतिशय स्वच्छ नमुना १८९८ च्या फेब्रुवारींत या गांवानें पाहिला. ज्या स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेपासून पुष्कळ ग्रंथकार या रीतीचा जन्म मोजतात ती इंग्लंडांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. उंडेऱ्याची हकीकत तिच्याहून पन्नास वर्षांनीं जुनी आहे. तथापि आमच्या भूमीचा पहिला मान मिरविण्यासाठीं आम्ही ती सांगत नाहीं. औषध अर्ध्या गांवाला द्यावयाचें आणि अर्ध्याला द्यावयाचें नाहीं, तर या उरलेल्या अर्ध्या गांवाचें देणें कोणीं व कसें फेडावयाचें, हा प्रश्न त्या हकीकतीच्या पोटांत आहे, आणि तो अद्यापि जुना झालेला नाहीं.

वाल्डेमार हाफकिन हे त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं १८६० सालीं जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली, १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली आणि पुढच्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. कलकत्त्याच्या दरिद्री वस्त्यांत आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत त्यांचें काम चाललें होतें. १८९६ सालीं मुंबईंत गांठीच्या तापानें कहर मांडला तेव्हां सरकारनें त्यांस तिकडे पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतली एक खोली आणि एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या संसारावर त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं तीहि त्यांनीं प्रथम आपल्याच अंगांत घातली. या मनुष्याच्या स्वभावाविषयीं पुढें कांहींहि वाद झाले असोत, दुसऱ्याच्या दंडास सुई लावण्यापूर्वीं ती स्वतःच्या दंडास लावण्याचा त्यांचा नेम विसरतां येत नाहीं.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांस लस टोंचली, बाकीच्यांस टोंचली नाहीं. न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस रोग होऊन ६ दगावले. टोंचलेल्यांपैकीं दोघांस रोग झाला व मृत्यु एकहि झाला नाहीं. कोणीहि म्हणेल, आणखी पुरावा तो काय हवा? परंतु ‘जे राजी झाले’ या तीन शब्दांतच गोम आहे. राजी होणारा मनुष्य बहुधा अधिक सशक्त, अधिक सावध, किंवा थोडें शिकलेला असावयाचा. नाराज राहणारा बहुधा अशक्त, भ्यालेला, किंवा आधींच रोगाच्या उंबरठ्यावर उभा असलेला. मग वांचविलें कोणीं, लसीनें कीं त्याच्या मूळच्या प्रकृतीनें? बाजारांतील कोणतेंहि औषध आपल्या गुणाचे दाखले याच वाटेनें गोळा करीत असतें. ज्यांस गुण आला ते बोलतात, ज्यांस आला नाहीं ते एक तर गप्प बसतात किंवा बोलावयास उरत नाहींत. हाफकिनसाहेबांस ही गोम ठाऊक होती, आणि म्हणून ते तुरुंगाबाहेर अशा ठिकाणाच्या शोधांत होते कीं जेथें एकाच छपराखालीं राहणारीं, एकच अन्न खाणारीं, एकाच विहिरीचें पाणी पिणारीं माणसें दोन भागांत विभागतां येतील.

उंडेऱ्यास प्लेग आधींच पोंचलेला होता आणि बरेच बळी घेऊन चुकला होता. मागें ९५० माणसें राहिलीं होतीं. गांव रस्त्यावर बोलाविण्यांत आला. कुटुंबें एकामागून एक पुढें येत, आणि प्रत्येक कुटुंबांतील सुमारें अर्ध्या माणसांस लस टोंचण्यांत येई. पुरुष, बायका, मुलें, सशक्त आणि अशक्त हे दोन्ही बाजूंस होतां होईल तों सारखे पडावेत अशी काळजी घेण्यांत आली. याप्रमाणें ५१३ जणांस लस मिळाली व ४३७ जणांस मिळाली नाहीं. त्यानंतर सुमारें सहा आठवडे गांवांत प्लेग फिरत राहिला. तो एकंदर २८ कुटुंबांत शिरला. त्या कुटुंबांत लस टोंचलेलीं ७१ माणसें होतीं. त्यांपैकीं ८ आजारी पडलीं व ३ मेलीं. लस न टोंचलेलीं ६४ होतीं. त्यांपैकीं २७ आजारी पडलीं व २६ मेलीं.

हे आंकडे आम्ही पुष्कळदां वाचले आहेत, आणि प्रत्येक वेळीं शेवटच्या आंकड्यावर नजर अडखळते. सत्तावीसांतून एक. भाऊ-भाऊ एकाच ओटीवर निजत असतील. एकाच्या दंडास सूज येऊन दोन दिवस ताप भरला असेल आणि दुसरा त्यास हंसला असेल. पुढें कोण राहिला तें आंकडे सांगतात.

मग हाफकिनसाहेबांनीं केलें तें क्रौर्य होतें काय? आमच्या मतें या प्रश्नास घाईनें होय म्हणणारा त्या काळाचा विचार करीत नाहीं. १८९८ सालीं लसीवर विश्वास नव्हता. सरकारी डॉक्टरांचा नव्हता, लोकांचा तर नव्हताच. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नांवाखालीं गोरे शिपाई पुण्यांत घरोघर शिरले होते आणि १८९७ च्या जूनमध्यें रँडचा खून झाला होता. अशा वेळीं सरकारी माणसाच्या हातची सुई म्हणजे विषच, अशी वदंता उठण्यास फारसें निमित्त लागत नसे. उंडेऱ्यासारखा निर्विवाद पुरावा हातीं नसता तर ती लस अर्ध्या गांवांतच काय, एका गल्लींतहि पोंचली नसती. परंतु याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. भायखळ्याचे आंकडे हाफकिनसाहेबांच्या खिशांत होते. लस बहुधा गुणकारी आहे अशी त्यांची स्वतःची खात्री होती. ज्या ४३७ जणांना त्यांनीं वगळलें त्यांना ही खात्री कोणीं समजावून सांगितली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. त्या काळीं तशी रीतच नव्हती.

लसीची कीर्ति वाढली. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत प्रयोगशाळा थाटण्यांत आली आणि लाखांनीं मात्रा बाहेर पडूं लागल्या. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली उघडतांना झालेल्या हयगयीचा होता, हें पुढें उघड झालें. पण तेवढ्यांत हाफकिनसाहेबांची अधिकारावरून उचलबांगडी झाली आणि दोषमुक्त होण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. परळच्या त्या संस्थेस १९२५ सालापासून त्यांचेंच नांव आहे.

येथून साठ वर्षें आम्ही एका उडींत ओलांडतों, कारण गांव हेंच प्रयोगाचें क्षेत्र मानून विद्यापीठें स्वतः तेथें उतरूं लागलीं तो काळ नंतरचा. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक कार्ल टेलर हे आमच्याच देशांत जन्मलेले, मिशनरी डॉक्टरांचे चिरंजीव. लुधियान्याजवळच्या नारंगवाल भागांत त्यांनीं कांहीं गांवांना पोषणाची मदत, कांहींना औषधोपचार, कांहींना दोन्ही दिलीं आणि कांहीं गांव नेहमींच्या व्यवस्थेवर ठेवून बालमृत्यूंची तुलना केली. तेथें न्युमोनिया झालेल्या मुलास पेनिसिलिन देण्याचें काम डॉक्टर करीत नसे. घरोघर फिरणारी परिचारिका करी. १९७४ च्या सुमारास तें काम बंद पडलें. परंतु त्याच विद्यापीठांत १९८४ सालीं सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतलेलें एक मराठी जोडपें, डॉ. अभय व डॉ. राणी बंग, १९८६ सालीं गडचिरोलींत जाऊन राहिलें आणि तेथें त्यांनीं ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली.

येथें विद्यापीठ गांवांत आलें नव्हतें. विद्यापीठांत शिकलेलीं माणसें गांवांत राहावयास आलीं होतीं, आणि या फरकास आम्ही फार महत्त्व देतों. प्रथम त्यांनीं न्युमोनियाची परीक्षा घेतली. निरक्षर सुइणीलाहि मुलाचा श्वास मोजतां यावा म्हणून मण्यांचें एक साधें मोजमाप तयार केलें. मग नवजात अर्भकांचा प्रश्न हातीं घेतला. ३९ गांव एका बाजूस, ४७ दुसऱ्या बाजूस. पहिल्या ३९ गांवांत पांच ते दहा इयत्ता शिकलेल्या गांवच्याच बायका निवडून त्यांस शिकविलें: मूल जन्मतःच रडलें नाहीं तर काय करावें, त्याला ऊब कशी द्यावी, वजन कसें करावें, रक्तांत जंतुदोष पसरल्याच्या खुणा कोणत्या आणि त्या दिसल्यास जेंटामायसिनची सुई कशी द्यावी. डॉक्टरमंडळींस ही शेवटची गोष्ट अगदींच असह्य वाटली. सातवी शिकलेल्या बाईच्या हातीं तान्ह्या मुलाची सुई! १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत निकाल प्रसिद्ध झाला. हजार जन्मांमागें पहिल्या महिन्यांत मरणाऱ्या अर्भकांची संख्या त्या ३९ गांवांत ६२ वरून २५ वर आली होती. दुसऱ्या ४७ गांवांत ती साठाच्या आसपास होती तेथेंच राहिली.

ही विभागणी घराघरांत न करतां गांवागांवांत कां केली, तें सहज ध्यानांत येईल. शेजारच्या घरांतलें मूल निळें पडत असतां, ‘तें माझ्या यादींत नाहीं’ म्हणून घरीं परतणारी बाई गांवांत पुन्हां तोंड दाखवूं शकणार नाहीं. उंडेऱ्यास लस टोंचणारे डॉक्टर दिवस मावळतां बडोद्यास परतूं शकत होते.

तिसरी हकीकत आमच्या फारच जवळची आणि म्हणून अधिक अवघड आहे. १९९९ सालापासून उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत मुंबईचें टाटा रुग्णालय, बार्शीचें नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची परीक्षा घेतली. ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गांववार चार गट पाडले. एका गटाची विषाणूसाठीं तपासणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनीं तपासणी. चौथ्या गटास केवळ नेहमींची व्यवस्था, आणि तपासणी कोणत्या रुग्णालयांत मिळते याची माहिती. आठ वर्षांनीं हिशेब झाला तेव्हां विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ या रोगानें मेल्या होत्या; चौथ्या गटांतील ३१,४८८ पैकीं ६४. बाकीच्या दोन तपासण्यांनीं मृत्यु लक्षांत येण्याइतके घटले नाहींत.

पुढें कांहीं परदेशी डॉक्टरांनीं आक्षेप घेतला कीं, तपासणीनें हा रोग टळतो हें जगास अनेक वर्षें ठाऊक असतां चौथा गट ठेवलाच कां? उत्तर असें देण्यांत आलें कीं, या देशांतील खेड्यांत स्त्रियांची अशी तपासणी मुळीं होतच नव्हती. तेव्हां जें नव्हतें तें कोणाकडून काढून घेतलें नाहीं. हें उत्तर तर्काच्या दृष्टीनें खोटें नाहीं, पण आमचें समाधान त्यानें होत नाहीं. गरिबी हीच ‘नेहमींची व्यवस्था’ मानली, तर जितका गांव गरीब तितका तो प्रयोगास अधिक योग्य, असें ओघानेंच ठरतें. चौथा गट ठेवण्याचा हक्क एकाच अटीवर मान्य करतां येईल: जें सिद्ध होईल तें प्रथम त्याच्याच दारीं पोंचलें पाहिजे.

या कसोटीवर पुढचा इतिहास पाहावा. २०१६ सालीं केंद्र सरकारनें कर्करोग-तपासणीची मार्गदर्शिका काढली, तींत खेड्यांसाठीं व्हिनेगरचीच तपासणी सांगितली. ती स्वस्त आहे, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दुसऱ्या एका मोठ्या परीक्षेंत ती उपयोगी ठरलीहि होती. तथापि उस्मानाबादच्या स्त्रियांच्या आयुष्यावरून जी तपासणी श्रेष्ठ ठरली ती ही नव्हे.

गडचिरोलीचा हिशेब याहून बरा आहे, पण पुरता नाहीं. २०११ सालीं घरच्या घरीं अर्भकाची काळजी घेण्याची योजना देशभर सुरू झाली. प्रसूति रुग्णालयांत झाली असल्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं बाळंतिणीच्या घरीं जाते. तिच्या पिशवींत वजनकाटा असतो, तापमापक असतो. जेंटामायसिनची सुई मात्र त्या पिशवींत ठेवलेली नाहीं. २०१४ सालीं परवानगी मिळाली ती उपकेंद्रावरच्या परिचारिकेस, आणि उपकेंद्र बहुधा दुसऱ्या गांवीं असतें.