रोगाचे नाव आणि निदानाचा काळ : नवापूर, २००६

पक्ष्यांतील इन्फ्लुएंझाचा इतिहास हा बऱ्याच अंशी चुकीच्या ओळखीचा इतिहास होय. इटलीत पेरोन्चितो यांनी १८७८ साली वर्णिलेला हा रोग प्रारंभी कोंबड्यांचा कॉलरा समजला गेला. त्याचे कारण जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हे १९०१ मध्ये दिसून आले. आणि तो विषाणू इन्फ्लुएंझा 'अ' गटातीलच आहे, हे शेफर यांनी १९५५ मध्ये सिद्ध केले.

मराठीतील 'मानमोडी' हा शब्द या संदर्भात उद्बोधक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला लोकांनी हेच नाव दिले, आणि कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही हेच नाव रूढ आहे. राणीखेतचा विषाणू वस्तुतः अगदी निराळा. परंतु लक्षणांवरून पडलेले नाव कारणांतील भेद दाखवू शकत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या आरंभी कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा प्रथम राणीखेतचाच तर्क करण्यात आला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले व १८ फेब्रुवारी रोजी एच५एन१ विषाणूचे निदान जाहीर झाले. भारतातील हा पहिलाच नोंदलेला उद्रेक होय. त्यानंतर लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अंड्यातील गर्भावर विषाणू वाढविण्याच्या पद्धतीस कित्येक दिवस लागतात. आणि निदानास जितका विलंब, तितका काळ पक्षी, खुराडी व वाहने यांच्याद्वारे रोगास वाट मोकळी राहते.

जागेवरच करावयाच्या पट्टी-चाचणीचे महत्त्व येथे ध्यानी येते. आजारी वा मृत पक्ष्याच्या घशातील अथवा गुदमार्गातील स्राव द्रावणात मिसळून पट्टीवर घातला असता, इन्फ्लुएंझा 'अ'च्या प्रथिनाशी प्रतिपिंडांचा संयोग होऊन सुमारे पाव तासात रेघ उमटते. राणीखेतच्या विषाणूने ती उमटत नाही. तथापि तिच्यावरून विषाणूचा उपप्रकार कळत नाही. शिवाय स्रावात विषाणू विपुल नसल्यास ती उमटतच नाही. बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या बदकांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

म्हणून रेघ उमटल्यास ये-जा तत्काळ थांबविणे योग्य ठरेल. परंतु ती न उमटल्यास 'राणीखेत' असा निष्कर्ष काढणे म्हणजे जुनीच चूक नव्या साधनाने करणे होय. प्रयोगशाळेचा निर्णय येईपर्यंतचा काळ वाया जाऊ न देणे, एवढेच या चाचणीचे खरे कार्य. आणि ते अल्प नव्हे.