झ्यूस अँड हेरा (जाहिरातपट) : प्रेक्षकांचा प्रतिसाद

बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने ‘आयएक्स’ या विजेवर चालणाऱ्या मोटारीसाठी केलेली, ग्रीक देवदेवतांवर बेतलेली एक मिनिटाची जाहिरात. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात, १३ फेब्रुवारी २०२२ रोजी, ती एनबीसी वाहिनीवर दाखवली गेली. निर्मिती सॅन फ्रान्सिस्कोच्या गुडबी सिल्व्हरस्टीन अँड पार्टनर्स या संस्थेची, दिग्दर्शन ब्रायन बकली यांचे. सुपर बोलमधील जाहिरातींत बीएमडब्ल्यू २०१५ नंतर प्रथमच उतरली होती.

देवांचा राजा झ्यूस (आर्नॉल्ड श्वार्झनेगर) आणि त्याची पत्नी हेरा (सल्मा हायेक) ऑलिंपस सोडून निवृत्तांच्या पाम स्प्रिंग्जमध्ये राहायला येतात. तिथे शेजारीपाजारी वज्रधारी देवाला चार्जरसारखे राबवून घेतात. कुणाचे कुंपण छाटायचे यंत्र बंद पडलेले, कुणाची गोल्फगाडी. वैतागलेल्या नवऱ्यापुढे हेरा आयएक्स आणून उभी करते आणि एडी ग्रँटच्या ‘इलेक्ट्रिक अ‍ॅव्हेन्यू’ या गाण्यावर स्वारी निघते. कुत्र्यासारखा पाळलेला ‘पेगी’ हा चिमुकला पेगासस (पंखांचा घोडा) संगणकीय सचेतनातून साकारला आहे. तो केवळ गोंडसपणासाठी घेतलेला नाही : प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात झ्यूसची वीज वाहून नेण्याचे काम पेगाससकडेच आहे.

विजेच्या देवाला विजेची गाडी, हा विनोद ऑलिंपसचा गंध नसलेल्यालाही पहिल्या फटक्यात कळतो. सामन्याच्या गोंगाटात चाललेल्या जाहिरातीला तेवढे पुरते. मात्र ज्यांना मूळ कथा ठाऊक आहेत त्यांना इथले सुखी जोडपे पाहून हसू येईल ते वेगळ्या कारणाने. पुराणातल्या झ्यूसची बाहेरची प्रकरणे आणि हेराचा सूड यांवरच निम्म्या कथा उभ्या आहेत. मोटारीच्या धंद्याने ग्रीक कथा सोयीने वाचल्याचे हे एकच उदाहरण नव्हे. २००२ मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या महागड्या ‘फेटन’ गाडीचे नाव ज्या मुलावरून पडले, त्याच्या हातून सूर्याचा रथ बेफाम झाला आणि झ्यूसने त्याला विजेने ठार केले.

जुन्या सिनेरसिकांसाठी आणखी एक गंमत होती. श्वार्झनेगर यांचा पहिला चित्रपट ‘हर्क्युलिस इन न्यूयॉर्क’ (१९७०). त्यात ते झ्यूसचा मुलगा होते. बावन्न वर्षांनी मुलाला बापाची बढती मिळाली.

या मोटारीच्या प्रसिद्धीला आधी एक ठेच लागली होती, ती लक्षात घेतल्याशिवाय जाहिरातीचा सूर कळत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आयएक्सच्या भल्यामोठ्या पुढच्या जाळीला लोकांनी नावे ठेवली, तेव्हा कंपनीने ट्विटरवर ‘ओके बूमर’ म्हणत टीकाकारांना म्हातारे ठरवले. महागडी गाडी परवडणारे बरेचसे गिऱ्हाईक त्याच वयाचे. गदारोळ झाला, सारवासारव करावी लागली. पुढच्या जाहिरातीत नायक झाले दोन निवृत्त देव, आणि नव्या गाडीने तरतरी आली ती वयस्काला. हा योगायोग मानणे कठीण आहे.

अशा जाहिरातींवरील लोकमत मोजण्याचे रूढ साधन म्हणजे ‘यूएसए टुडे’ दैनिकाचे १९८९ पासूनचे ‘अ‍ॅड मीटर’. त्यात प्रेक्षक प्रत्येक जाहिरातीला गुण देतात. २०२२ मध्ये पहिला क्रमांक बार्बीच्या घराची गोष्ट सांगणाऱ्या रॉकेट मॉर्गेज या कर्जकंपनीने पटकावला. तळाला राहिली कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीची जाहिरात : पडद्यावर इकडून तिकडे सरकणारा नुसता क्यूआर कोड. तरीही तो इतक्यांनी स्कॅन केला की कंपनीचे संकेतस्थळ कोलमडले. मीटरवर आवड मोजली जाते. गाडी पाहायला कोण शोरूममध्ये गेले, हे त्यातून कळत नाही. झ्यूसच्या जाहिरातीविषयी बोलताना हे भान ठेवावे लागते. नटच इतका मोठा की माल झाकोळावा, या धोक्याला जाहिरात व्यवसायात ‘व्हॅम्पायर इफेक्ट’ म्हणतात. इथे तो होताच. त्या वर्षी विजेच्या मोटारींच्या जाहिरातींची रीघ लागली होती आणि जनरल मोटर्सनेही माइक मायर्सना डॉक्टर ईव्हिल या त्यांच्या गाजलेल्या विनोदी खलनायकाच्या वेशात उतरवले होते. कोणती गाडी कुणाची, हे दुसऱ्या दिवशी आठवणे सोपे नव्हते.

२०२४ मध्ये मात्र श्वार्झनेगर अ‍ॅड मीटरवर पहिले आले, तेही स्टेट फार्म या विमाकंपनीसाठी. त्या जाहिरातीतला सगळा विनोद त्यांच्या उच्चारांवर होता. ‘हर्क्युलिस इन न्यूयॉर्क’मध्ये त्याच उच्चारांपायी त्यांचा आवाज दुसऱ्याकडून डब करून घेतला होता.